पाहुण्यांचे घर आणि सातबाऱ्यावरील नावे

समुद्रकिनाऱ्यालगत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाने आपल्या वाडीत दोन खोल्या किंवा दोन झोपड्या बांधाव्यात, पाहुण्यांना घरचे जेवण द्यावे आणि त्यातून वर्षाच्या खर्चाला हातभार लावावा, हा व्यवसाय कोकणात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चांगला रुजला आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या कागदांत त्याला 'निवास व न्याहारी' म्हणतात. लोक त्याला होम-स्टे म्हणतात, किंवा नुसते 'घरगुती सोय'. जबलपूरच्या गोरखपूर भागातील मराठी कुटुंबे सुटीत कोकणात जातात तेव्हा त्यांचीही पसंती बहुधा अशाच घरांना असते. मासे, सोलकढी, अंगणातला झोपाळा आणि 'अजून एक भाकरी घ्या' म्हणणाऱ्या काकू हॉटेलात मिळत नाहीत.

या व्यवसायाविषयी पर्यटनाच्या अंगाने पुष्कळ लिहिले जाते. मला तो महसूल प्रशासनाच्या अंगाने पाहावासा वाटतो. अशा घराचे भवितव्य समुद्रावर किंवा जाहिरातीवर जेवढे अवलंबून आहे तेवढेच ते जमिनीच्या कागदावर अवलंबून आहे, आणि त्या कागदावरील निम्मी नावे गाव सोडून गेलेल्यांची आहेत. म्हणजेच तुमची-आमची.

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी आधी एका दूरच्या देशाकडे पाहू. प्रशांत महासागरातील सामोआ हे सुमारे दोन लाख वस्तीचे बेटराष्ट्र १९६२ साली स्वतंत्र झाले. तेथील पारंपरिक घराला 'फाले' म्हणतात. लाकडी खांब, वर झावळ्यांचे किंवा पानांचे छप्पर, भिंती नाहीत. वारा-पाऊस आला की नारळाच्या पानांच्या विणलेल्या झडपा खाली सोडायच्या. १९९० आणि १९९१ साली तेथे दोन मोठी चक्रीवादळे झाली. १९९३ साली अळूवर करपा रोग आला आणि ज्या अळूच्या कंदांवर त्यांची निर्यात चालत असे ते पीकच हातचे गेले. त्याच दशकात किनाऱ्यावरच्या कुटुंबांनी वाळूत लहान फाले उभारून पाहुणे ठेवण्याचा व्यवसाय वाढवला. गादी, मच्छरदाणी, सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण, एवढाच सरंजाम. भांडवल थोडे लागते, कारण साहित्य वाडीतले आणि हात घरचे.

त्या देशात सुमारे ८० टक्के जमीन रूढीने कुटुंबसमूहांच्या मालकीची आहे. राज्यघटनेच्या १०२व्या अनुच्छेदाने ती विकण्यास व गहाण टाकण्यास मनाई केली आहे. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने भाडेपट्टा देता येतो, मालकी मात्र कुटुंबाकडेच राहते. कुटुंबाचा प्रमुख, ज्याला ते 'मताई' म्हणतात, तो जमिनीची व्यवस्था पाहतो. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात गेलेल्या सामोअन माणसाचा आपल्या कुटुंबाच्या जमिनीशी असलेला संबंध त्यामुळे तुटत नाही, आणि गावात राहणाऱ्याने तेथे झोपडी बांधून चार पाहुणे ठेवायचे म्हटले तर त्याला परदेशस्थ भावाकडून खरेदीखत करून घ्यावे लागत नाही. २९ सप्टेंबर २००९ रोजी त्सुनामीने उपोलू बेटाच्या दक्षिण-पूर्व किनाऱ्यावरील वस्ती धुऊन नेली. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि लालोमानू किनाऱ्यावरील फालेंची रांग नाहीशी झाली. पुढे त्याच किनाऱ्यावर फाले पुन्हा उभे राहिले. जमीन कोणाची हा प्रश्न लाटेनंतरही उभा राहिला नव्हता, हे त्यामागचे एक कारण होय.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. जमीन गहाण टाकता येत नाही म्हणून बँक कर्ज द्यायला कचरते, आणि मताईचा निर्णय सर्वांना मान्य असतोच असे नाही. आपण ती उचलून आणावी असे माझे म्हणणे नाही. तिने एक गोष्ट मात्र साधली आहे: जमीन कोणाच्या मालकीची आणि ती वापरायची कोणी, हे दोन प्रश्न तिने वेगळे ठेवले आहेत. आपल्याकडे ते एकमेकांत अडकले आहेत.

आता कोकणाकडे येऊ. १९४९ च्या कायद्याने खोती संपली, कुळांना जमिनी मिळाल्या, पण धारणक्षेत्र मुळातच लहान होते. त्या आधीपासूनच घरातला एक मुलगा मुंबईला गिरणीत, दुसरा रेल्वेत किंवा सरकारी नोकरीत, अशी घडी पडली होती. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरला जुळला, १९०४ साली येथे तोफगाडी कारखाना निघाला, १९५६ साली उच्च न्यायालय आले. या नोकऱ्यांच्या मागे मराठी माणसेही येत राहिली. त्यांतली जी कोकणातली होती त्यांची तिसरी-चौथी पिढी आज येथे नांदते आहे. मुलांना गावाचे नाव ठाऊक असते, सर्व्हे नंबर ठाऊक नसतो.

सातबाऱ्याला मात्र कोणाचेही स्थलांतर कळत नाही. आजोबांच्या मृत्यूनंतर पाच नावे लागतात, त्यांच्या मुलांच्या मृत्यूनंतर सतरा. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणेने मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, हे न्यायाचेच झाले, आणि नावे आणखी वाढली. कित्येक ठिकाणी वारस नोंदच झालेली नसते, उताऱ्यावर अजून दिवंगत माणसेच जमिनीची मालक असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४९व्या कलमान्वये हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचे असते, पण तेवढ्यासाठी गावाकडे कोण जाणार? दहा गुंठ्यांच्या नारळ-सुपारीच्या वाडीवर वीस-पंचवीस नावे ही महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही नवलाची गोष्ट वाटणार नाही.

या वाडीत प्रत्यक्ष राहते ते एखादे कुटुंब. विहिरीचा पंप तेच दुरुस्त करते, घरपट्टी तेच भरते, गणपतीत सर्वांसाठी घर उघडे तेच ठेवते. त्या कुटुंबाने पाहुणे ठेवायचे ठरवले की पहिली अडचण कागदाची येते. नोंदणीला मालकीचा पुरावा हवा. तो सामाईक असेल तर सर्व सहहिस्सेदारांची संमती हवी. एक सही जबलपूरला, एक बडोद्याला, एक न्यू जर्सीत, आणि एका चुलतभावाशी पंधरा वर्षे बोलणे नाही. बहुतेक कुटुंबे मग नोंदणीच्या फंदात न पडता व्यवसाय सुरू करतात. तो चालतोही, पण बेकायदा नसला तरी बिनकागदाचा राहतो. अनुदान नाही, विमा नाही, बँकेचे कर्ज नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होम-स्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही हे खरे, पण व्यवसायाची जागा कोणाची, हे बँक विचारणारच.

संकट आले म्हणजे या बिनकागदी अवस्थेची किंमत कळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागातील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचे झाड उत्पन्नाला यायला वर्षे लागतात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला झोडपले. अशा वेळी तलाठी पंचनामा करतो, आणि भरपाई कोणाच्या खात्यात जमा करायची हा प्रश्न सामाईक खात्यात हमखास उभा राहतो. झाडे ज्याने वाढवली त्याचे नाव पंचविसांतले एक. इतरांची संमतिपत्रे येईपर्यंत पावसाळा उलटतो.

या व्यवसायाने गावाचे काय भले होते, याची दोन उदाहरणे देतो. रायगड जिल्ह्यातील दिवेआगरला १७ नोव्हेंबर १९९७ रोजी एका वाडीत खोदताना पेटीत सोन्याचा गणपती सापडला. भाविकांची रीघ लागली आणि घरोघरी जेवणाची व राहण्याची सोय सुरू झाली. २४ मार्च २०१२ रोजी दरोडेखोरांनी दोन रखवालदारांची हत्या करून मूर्ती लुटली. भाविकांचा ओघ आटला, पण ज्यांच्याकडे घर, वाडी आणि हाताला चव होती त्यांना किनाऱ्याचा आधार राहिला. दुसरे उदाहरण मंडणगड तालुक्यातील वेळासचे, नाना फडणविसांच्या मूळ गावाचे. तेथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्यास सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, घरचेच जेवतात, पहाटे आणि सायंकाळी पिले समुद्राकडे जाताना पाहतात. येणारा पैसा स्वयंपाकघरात पोचतो, म्हणून घरटे राखण्यात घरातल्या बाईचाही स्वार्थ तयार झाला. किनाऱ्यावर बाहेरच्याचे मोठे हॉटेल असते तर हे घडले असते असे मला वाटत नाही.

याउलट बाहेरच्या गुंतवणुकीला सामाईक उतारा ही अडचण न वाटता संधी वाटते. मालवणजवळचे तारकर्ली-देवबाग घ्या. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मधे चिंचोळी वस्ती. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर अशा पट्ट्यांतील जमिनीकडे पाहण्याची दृष्टी पालटली. कोकणात अशा जमिनींच्या व्यवहाराची एक सर्वपरिचित रीत आहे. खरेदीदार गावात राहणाऱ्याकडे प्रथम जातच नाही. तो बाहेरगावच्या सहहिस्सेदाराला गाठतो. त्याला त्या जमिनीचा ना उपयोग असतो, ना तिच्या किमतीचा अंदाज. अविभक्त हिस्सा विकला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे सर्वाधिकार देणाऱ्या कुलमुखत्यारपत्रावर सही होते. मग नवा हिस्सेदार वाटप मागतो आणि गावातल्या कुटुंबाच्या वाडीतून कुंपण जाते.

यावर कायद्यात काही आधार आहेत, पण ते फारसे कोणास ठाऊक नसतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ४४व्या कलमानुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला त्या घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. १८९३ च्या वाटप अधिनियमानुसार असा परका वाटपाचा दावा लावील तर कुटुंबीयांना त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेता येतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २२व्या कलमाने सहवारसांना अग्रहक्क दिला आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू होतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. पण पहिले दोन आधार राहत्या घराचे आहेत, वाडीचे नाहीत, आणि तिसरा न्यायालयात जाऊन मिळवावा लागतो. पाहुणे वाडीत उतरतात.

मग रीतसर वाटप करून प्रत्येकाचा उतारा वेगळा करावा, असे कोणी सुचवील. संहितेच्या ८५व्या कलमाने ती सोय आहे आणि जेथे जमीन पुरेशी आहे तेथे ती वापरावीच. पण दहा गुंठ्यांचे वीस हिस्से केले तर कोणाच्याच वाट्याला विहीर, वाट आणि घर एकत्र येत नाही. कागद स्वच्छ होतो आणि वाडी संपते.

शासनाकडून माझ्या तीन अपेक्षा आहेत. पहिली, कुटुंबचालित निवासाची नोंदणी मालकीच्या पुराव्याऐवजी वहिवाटीवर करावी. घरपट्टीचा नमुना ८ चा उतारा, वास्तव्याचा पुरावा आणि ग्रामपंचायतीत तीस दिवसांची जाहीर नोटीस पुरेशी मानावी. हरकत आली तर ऐकावी. या नोंदणीने मालकीचा कोणताही हक्क निर्माण होत नाही, असे प्रमाणपत्रावरच ठळक छापावे. सवलत मात्र त्याच घरात कुटुंब राहत असेल आणि खोल्या मोजक्या असतील तरच मिळावी, नाहीतर हॉटेलवालेच ओसरीवर खुर्ची टाकून बसतील. दुसरी, वादळानंतरची व्यवसायाची भरपाई नोंदणीकृत चालवणाऱ्याला द्यावी आणि जमिनीची सर्व खातेदारांना. तिसरी, गावात किती घरांनी किती पाहुणे ठेवायचे हे ग्रामसभेने विहिरींचे पाणी आणि सांडपाण्याची सोय पाहून ठरवावे. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने स्थानिकांना राहत्या घरांत, जोत्याचे क्षेत्र किंवा दर्शनी रूप न बदलता होम-स्टे चालवण्याची मुभा दिली आहे. ती मर्यादा सांभाळणे गावाच्याही हिताचे आहे.

कुटुंब जमिनीवर असले तर काय होते आणि नसले तर काय, हे पाहायला जबलपूरकरांना कोकणात जाण्याचीही गरज नाही. आपल्याच मध्य प्रदेशात ओरछाजवळचे लाडपुरा खास आणि छिंदवाडा जिल्ह्यातले सावरवानी या गावांत ग्रामस्थांच्या स्वतःच्या आवारात पाहुणघरे उभी राहिली, आणि २०२४ साली दोन्ही गावांना केंद्र शासनाने उत्तम पर्यटन ग्राम म्हणून गौरवले. उलट आपल्या शहरापासून जवळच असलेल्या बरगी धरणाने, जे १९९० च्या सुमारास पूर्ण झाले, जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतील शंभराहून अधिक गावांना झळ लावली. त्या जलाशयाच्या काठी आज पर्यटन विकास निगमाचे विश्रामगृह आहे. ज्यांची शेते पाण्याखाली गेली त्यांना त्या काठावर यजमान होण्याची संधी जवळपास मिळालीच नाही. पाण्याचे दृश्य दोन्हीकडे सुंदरच असते. फरक आहे तो जमीन कोणाच्या हाती राहिली याचा.

शेवटी आपल्या वाट्याचे काम. बाहेर राहणाऱ्या सहहिस्सेदाराची भीती मी समजू शकतो. 'आज पाहुणे ठेवायला सही दिली, उद्या जमीनच गेली तर?' एक गोष्ट जाणून घ्यावी. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याच्या दृष्टीने साधारणतः सर्वांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारल्याखेरीज केवळ वर्षे उलटली म्हणून तो नाहीसा होत नाही. गावच्या मंडळींनीही आपल्या बाजूने वर्षाकाठी जमाखर्चाचा एक कागद सर्वांना पाठवावा आणि बाहेरच्या कुटुंबांसाठी वर्षातले आठ-दहा दिवस एक खोली राखून ठेवावी. पैशापेक्षा अशा खोलीने नाती अधिक टिकतात.

त्यापलीकडचे काम आता घरबसल्या होण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जबलपूरमधूनही काढता येतो. ई-हक्क प्रणालीवरून वारस नोंदीचा अर्ज करता येतो. उतारा काढा, आजोबांचे नाव अजून असेल तर वारस नोंद करून घ्या, बहिणींची नावे वगळू नका. गावच्या भावाने संमती मागितली तर कुलमुखत्यारपत्र देऊ नका, फक्त निवास व न्याहारीपुरते, ठराविक मुदतीचे संमतिपत्र द्या, आणि त्यात विक्री, गहाण व दीर्घ भाडेपट्टा वगळल्याचे स्पष्ट लिहा. आणि अनोळखी माणूस तुमचा हिस्सा विकत घ्यायला गोरखपूरपर्यंत आला, तर बयाणा घेण्यापूर्वी गावी एक फोन करा.

आपण पुढच्या सुटीत ज्या घरी उतरू ते कोणाच्या तरी चुलत्याचे, आतेभावाचे सामाईक घर असते, आणि त्याच्या उताऱ्यावर आपल्यासारख्याच कुणा दूरस्थाचे नाव असते. त्या दूरस्थाने वेळेवर सही दिली म्हणून ते घर उघडे आहे. आपल्या गावचे घरही कुणासाठी तरी असेच उघडे राहावे, एवढे आपल्या हातात आहे.